हक्कसोड

रेल्वे हॉस्पिटलातल्या मॅडमनी
भार्गवपुढे ठिपक्यांचं पुस्तक धरलं.
ठिपक्यांत चौऱ्याहत्तर होते, मला दारातून दिसत होते.
भार्गव म्हणाला, एकवीस.
पुढच्या पानाला म्हणाला, काहीच नाही.

गाडी चालवणार होता.
साखर पेठेत पेढे सांगून ठेवले होते.

मॅडम वाईट नव्हत्या. फॉर्मच्या पाठीवर
पेनानं दोन रेघा ओढल्या, एक लांब, एक आखूड.
म्हणाल्या, ही गुणसूत्रं.
मी टॉवेलांचे काठ शिवणारी बाई,
त्यातलं सूत तेवढं मला ऐकू आलं.
"तुमच्या वडिलांना रंग ओळखू यायचे?"

माझ्या वडिलांना?
गड्डम नरसय्या, तीस वर्षं रंगारी,
पूर्व भागात कुणालाही विचारा.
मी हसले.
मग हसायची थांबले.

आठ वर्षांची असेन. शाळेआधी डाय हाऊसमधे,
कढईची वाफ, नायनाचे हात कोपरापर्यंत निळे,
दांडीवर ओल्या लडी.
"एर्रा कुठली? पच्चा कुठली? पटकन सांग बिड्डा,
परीक्षा घेतोय तुझी."
मी सांगायची.
तो लालला एक गाठ मारायचा, हिरव्याला दोन.
मला वाटायचं, मी हुशार, म्हणून विचारतो.

त्याच्या लाल चादरीला कर्नाटकातून मागणी यायची.
तो लाल माझा होता.

नायना गेल्यावर वाटणी झाली.
अंबादासला घर, चार लूम, कोपऱ्यावरचा गाळा.
मी हक्कसोडवर सही केली,
रजिस्ट्रारच्या दारात चहा प्याले, साडी घेतली, आले.

आता मॅडमचं पेन म्हणतं:
बापाकडं लांब रेघ एकच.
मुलगा झाला तर त्याला आखूड जाते,
लांब जाते मुलीलाच, सगळीच्या सगळी.
म्हणजे अंबादासला सिग्नल स्वच्छ दिसतो
आणि नायनाचा अंधार माझ्या नावावर.
तो कुठल्या स्टँपवर नव्हता,
सहीनं सुटणारा नव्हता.

मला कधी जाणवला नाही. आईकडून आलेली दुसरी रेघ
त्याच्यावर पदर धरून उभी होती.
भार्गवला मी दोनातली एक दिली.
कुठली, ते मला कुणी विचारलं नव्हतं.

अखिला म्हणाली, "आणि मी?"
तिला सगळे रंग दिसतात, अगदी मोरपंखीतला फरकसुद्धा.
मॅडम म्हणाल्या होत्या, मुलीचं अर्धं-अर्धं असतं.
दिसतात, यावरून काही कळत नाही.
मलाही दिसतच होते.

अशोक चौकात भार्गवनं गाडी बरोबर थांबवली.
मी मागून विचारलं, "कसं कळलं?"
"वरचा लागला की थांबायचं. मधला, खालचा.
मला वाटायचं, सगळे असंच करतात."

रात्री ट्रंकेतून नायनाची शेवटची चादर काढली.
हा काठ बघत बसला नाही.
बोटं दशांवरून फिरवत गेला, फिरवत गेला,
कोपऱ्याशी थांबला.
"इथं एक गाठ आहे गं," म्हणाला.