धोका : कमी

उदगीरला, बसस्टँडच्या मागं,
जळकोट रोडला वळायच्या आधी
माझं दुकान. पाटी अर्धीच उरलीय :
‘…मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, लॅमिनेशन’.
पुढचं नाव वावटळीत गेलं.

सकाळी पतसंस्थेचा कॉम्प्युटर तपासला.
मराठी टायपिंगचा फुकटात आणलेला फॉन्ट सापडला.
लाल पट्टी, घंटी, धोका : गंभीर.
पिग्मीवाले लामतुरे खुर्चीवरून उठलेच,
जशी की-बोर्डातून इंगळी निघाली.
त्यांना चहा पाजला. फॉन्ट काढला.
आता सगळ्या ठेवीदारांची नावं
नुसते चौकोन.

दुपारी दैवशाला आली.
“फोन लई तापलालाय. बॅटरी बाराच्या आतच संपलाली.”
केबल लावली. हिरवी रेघ सरकत गेली
आणि एका जागी पिवळी झाली.
‘बॅटरी सेवा’ नावाचं काहीतरी.
बॅटरीशी त्याचं नातं इतकंच, की ते ती खात होतं.
कॉल, मेसेज, माइक, ती उभी असेल ती जागा,
दर पाच मिनिटांनी चाकणला.
आणि सॉफ्टवेअर शांतपणे सांगतंय :
धोका : कमी.
फायली सुरक्षित. यंत्राला इजा नाही.
हे ॲप आपल्या संमतीने बसवलेले असू शकते.

मी वाचून दाखवलं.
“साखरपुड्यातच दिलता फोन,” ती म्हणाली,
“सगळं भरून.”

‘काढून टाका’. निळं बटन. माझं बोट त्यावर.
“नका. हे गप झालं की तो येतोय.”

मग बराच वेळ फक्त पंखा.

“बाजाराच्या दिवशी दोन घंटे
हितंच ऱ्हाऊ द्याल का ह्याला?”

तेव्हापासून दर बाजाराला फोन माझ्या ड्रॉवरात,
स्क्रीन गार्डच्या खोक्याखाली, चार्जिंगला.
लाइट गेली की पंखा बंद करून
त्याला इन्व्हर्टरवर घेतो.
तिकडं चाकणला ऐकू जात असेल
झेरॉक्सची घरघर,
‘आधारच्या दोन्ही बाजू काढू का?’,
सुट्ट्यावरून माझी कटकट.
ती कुठं जाते, मी विचारलं नाही.
एकदा अंगठ्याला शाई होती, स्टॅम्पपॅडची,
ती पदराला पुसत होती आणि निघत नव्हती.

गेल्या बाजाराला ती परत आली नाही.
देगलूरची गाडी लागली, सुटली.
नांदेडची लागली.
मी शटर अर्धं ओढून साडेनऊपर्यंत बसलो.
रोज रात्री फोन तपासतो. का, ते माहीत नाही.
तीच पिवळी रेघ.

काल एकजण आला. हेल्मेट काढलं नाही.
हातातल्या फोनकडं बघितलं, पाटीकडं,
परत फोनकडं.
म्हणाला, स्क्रीन गार्ड आहे का?

ड्रॉवर उघडला. खोका उचलला.
ड्रॉवर गुडघ्यानं लावला.
त्याच्या काचेवर नकाशा होता,
ठिपका माझ्या काउंटरवर.
मी काच पुसली,
बुडबुडे एकेक करून कडेला ढकलले,
वेळ लावला.

साठ रुपये घेतले.