दोनशे ग्रॅम

उदगीरच्या चौबाऱ्यापासून आडतीकडं वळताना
डाव्या हाताला माझं दुकान. तराजू दुरुस्ती, वजनं पासिंग.
लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं,
त्या भोकात शिसं.
वापरून वापरून वजन झिजतं.
मी शिसं ओतून तूट भरतो,
मग वैधमापनचे साहेब येतात, शिक्का मारतात.
एकवीस वर्षांत एकही वजन
मी हलकं सोडलेलं नाही.

बसवश्री नऊ वर्षांची.
तिच्या स्नायूंची तूट कुठल्या भोकातून भरायची
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक औषध आहे,
म्हणजे अजून औषध म्हणायचं नाही त्याला,
चाचणी चालू आहे.
बावीस पानांचं संमतीपत्र. मराठीतच,
पण असं मराठी आमच्या गल्लीत कुणी बोलत नाही.
समोर कॅमेरा लावलेला.
मी पानापानावर सही केली,
तिला वेगळं समजावलं, तिनं तोंडानं "हो" म्हटलं,
आणि विचारलं, कडू आहे का.

अर्ध्या लेकरांना औषध, अर्ध्यांना नुसतं गोड पाणी.
कुणाला काय, ते डॉक्टरीणबाईंनाही कळणार नाही.
"तुलनेला कुणीतरी लागतंच," त्या म्हणाल्या
आणि उगाच पेनाचं टोपण लावत बसल्या.
मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.
एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन.
दुसरं पारडं रिकामं ठेवून
जगात काहीच मोजता येत नाही.
एवढंच, की त्या पारड्यात
आजवर मी लोखंड ठेवत आलो होतो.

बाटली थंड ठेवावी लागते. आमच्याकडं फ्रिज नाही.
ती इस्माईलभाईंच्या दुकानात,
कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या मागं.
लाइट गेली की ते आधी बर्फ आणतात,
मग जनरेटरवाल्याला शिव्या देतात.

दर तीन महिन्यांनी रात्रीची गाडी.
तिथं एक टेबल, एक खुर्ची.
मांडीवरचं हे वजन उचल, टेबलावर ठेव.
दोनशे ग्रॅम.
उचललं तर दोन गुण, ओढत नेलं तर एक,
नाही तर शून्य.
हात नुसता थरथरला,
तर त्याला कागदावर रकाना नाही.

दिवाळीच्या आधी
मी एका वजनातलं शिसं वितळवून काढलं,
लेथवाल्या गफूरकडून पोट कोरून घेतलं,
बुडाला पत्रा, वरून काळा रंग.
काट्यावर भरलं एकशे चाळीस.
वरचा दोनशेचा आकडा तसाच ठेवला.

संध्याकाळी तिच्या मांडीवर दिलं.
उचललं तिनं. टेबलावर ठेवलं.
तिची आई चुलीपुढून धावत आली,
भाकरी करपली, करपू दिली.
मी हसत होतो, टेबलाच्या पायाकडं बघत.

तिनं वजनाला नखानं टिचकी मारली.
भरीव लोखंड बसकं बोलतं,
दुकानात बसून बसून तिला हे कळतं.
"अप्पा, काय केलास तू हे? पोकळ हाय."
रागावली नव्हती.
गिऱ्हाईक बोलतं तसं बोलली.
मग बराच वेळ गेल्यावर,
"त्या बाटलीत पण असंच असंल तर?"

सकाळी मी शिसं तापवलं, ओतलं.
जरा जास्त झालं, कानशीनं घासलं.
दोनशे.

आता टीव्ही बघताना ते तिच्या मांडीवर असतं.
हात ठेवून बसते त्याच्यावर,
मांजराच्या पिल्लावर ठेवावा तसा.
फेब्रुवारीत पुढची तारीख आहे.

काटा हलत असताना पारड्याला हात लावायचा नाही,
हे मी दुकानातल्या पोरांना शिकवत आलो.
परवा ते वजन बोटभर पुढं गेलेलं दिसलं.
तिनं सरकवलं,
की झग्याच्या सॅटिनवरून आपोआप घसरलं?
मी विचारलं नाही.