एकसष्ट सालचं पाणी

लाइल बर्गस्ट्रॉमनं तिच्यात टोमॅटो लावले होते.
नव्वद डॉलर, म्हणाला, आणि माती फुकट.
मागे जुन्या मोटारीसारखे दोन पंख,
एका पंखाच्या आडोशाला रॉबिनचं रिकामं घरटं.
मी ट्रेलर जोडला आणि निघाले,
वाळके टोमॅटो हलत होते आरशात.

एकतीस वर्षं मी बेमिजीत लोकांच्या दाढा कोरल्या.
त्यामुळे पहिल्या दिवशी करवत नाही घेतली.
स्क्रूड्रायव्हर उलटा धरला, मुठीनं ठोकत गेले
नाकापासून मागे, वीत वीत.
खण्. खण्. खण्.
आणि जिथे मोटर टांगतात त्या फळीवर:
बद्द.

वरून फायबर गुळगुळीत, लाल,
फोटो काढावा असं.
आत प्लायवूडचा चहाचा चोथा.
चमच्यानं निघाला, वासही तसाच,
कुणीतरी सोडून गेलेल्या कपाचा.

शेजारची मारेन. चौदाची.
शाळेनं आठवडाभर घरी बसवलंय.
का, ते ती सांगत नाही, मी विचारत नाही.
तिच्या हातात पाव कापायची सुरी दिली,
म्हटलं, तळाचा फोम काप.

हा फोम कारखान्यातच भरतात,
बोट बुडू नये म्हणून.
साठ वर्षं तो गुपचूप पाणी पीत होता.
बादली बादली आम्ही न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली,
मारेननं गॅरेजच्या भिंतीवर खडूनं आकडे मांडले:
तीनशे बारा पौंड.
म्हणजे टोमॅटोच्या मुळांखाली, लाइलच्या परसात,
ही सगळा वेळ एक सरोवर पोटात घेऊन बसलेली.

"कधीचं असेल हे?"
थोडं तरी एकसष्टचं, मी म्हटलं.
तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं.
मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता.
"लोखंड," ती म्हणाली. "लोखंड आणि गवत."

बाकीचं मोरीत गेलं.
एक बादली मात्र तिनं सोडली नाही.
मार्चचा बर्फ अजून पक्का होता,
त्यावरून ती चालत गेली, दोन्ही हातांनी कडी धरून,
वेंडेल कांगास जिथे भोक पाडून गळ टाकून बसतो तिथवर,
आणि ओतली.
वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं.
"पावती हवी का?" म्हणाला.

मग काचेचं कापड, मग रेझिन.
थेंब मोजून घालायचे, गारठ्यात दोन जास्त,
कप हातात गरम लागला की वेळ संपली.
मनगटापासून कोपरापर्यंत कुसं,
डोळ्यांना न दिसणारी, झोपेला दिसणारी.
एक कप माझा चुकलाच. थेंब मोजताना
मारेन काहीतरी सांगू लागली होती, शाळेचं,
आणि मी ऐकत राहिले.
तो डावा कोपरा एप्रिलभर चिकट राहिला.
खरवडला. पुन्हा केला.
तिनं ते पुन्हा सांगितलं नाही.

लालखाली पिस्ता निघाला, पिस्त्याखाली पांढरा,
पांढऱ्यावर ब्रशनं लिहिलेलं अर्धं नाव: "…लीन".
डार्लीन, मर्लीन, आयलीन, कोण जाणे.
मारेननं सँडपेपर खाली ठेवला.
तेवढी जागा आम्ही तशीच सोडली,
नव्या रंगात तळहाताएवढी खिडकी.

बर्फ गेला त्या शनिवारी
मी पुन्हा उलटा स्क्रूड्रायव्हर घेतला.
खण्. खण्. फळीवर खणखणीत,
मारेन हसली, पहिल्यांदा दात दाखवून,
(वरचा सुळा वाकडा, छान वाकडा).
कण्याजवळ एकाच ठिकाणी
आवाज किंचित बसलेला.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी पुन्हा ठोकलं. तसाच.

अशा दाढेपुढे मी कार्डावर लिहायचे:
लक्ष ठेवणे.

खडू तिच्याच खिशात होता.
तिनं आत वाकून तिथे एक बारीक गोल काढला,
आणि मी ट्रेलर मागे घेऊ लागले, पाण्याकडे,
ती हातानं खुणावत होती:
ये, ये, अजून थोडं.