दोन भोकं वर

आज हिराजी भोईरांनी रिकिबीचा पट्टा
दोन भोकं वर घेतला.
म्हणाले, "आता बसाचा नाय. उभं रायचा,
पन उभं हाव ता कोनाला दिसाचा नाय."

मी त्रेचाळीस वर्षांची. नौपाड्यात दातांचा दवाखाना.
दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांवर वाकून
पाठीला आलेली कमान
मुनीमच्या पाठीवर घेऊन बसते.
मुनीम तांबूस, अकरा वर्षांचा,
उडीआधीची पावलं मोजतो म्हणून हे नाव.

ओवळ्याच्या मागे, टेकडीच्या उतारावर
ऐनाचं पडलेलं खोड, मग चर,
मग शेताचा जुना बांध,
ज्याच्या पलीकडे जमीन हातभर खाली आहे
आणि इकडून दिसत नाही.

मागच्या रविवारी मी त्याच्या आधी उडाले.
म्हणजे घोडा अजून विचारात,
आणि मी त्याच्या कानांपर्यंत पोचलेली.
तो थांबला. मी नाही.
तोंडात माती, टाकळ्याचा पाला,
आणि वरून हिराजी, शांतपणे:
"घाई तुजी. उडी त्याची."

तर आज टाच खाली, पोटरी जागच्या जागी.
गुडघ्याने आवळलंस तर चिमट्यातला कपडा होशील.
नजर बांधावर नको, त्याच्याही पलीकडे,
अर्धवट टॉवरवरच्या त्या पिवळ्या क्रेनवर.
"घोरा खालशी काढून घेतला
तं तू पायांव उभी रायली पायजे.
येवराच हिशोब."

खोड गेलं, कळलंही नाही.
चरात मात्र मी वाकून पाहिलंच,
किडलेल्या दाढेत पाहावं तसं,
आणि मुनीम आखडला, वेडावाकडा उंच उडाला.
एक रिकीब सुटली. हाताला मानेचा पट्टा लागला,
जो मी बांधला नव्हता.

मग बांध.
तीन, दोन... मोजणारा तो.
मी थांबले.
पळत्या गोष्टीवर बसून थांबायचं
मला कुणी शिकवलं नव्हतं.
त्याची पाठ वर आली, माझ्यापर्यंत,
मी कमरेतून मिटले, बिजागरीसारखी,
लगाम बोटांतून सोडत गेले, सोडत गेले,
खांदे मागे, पाय किंचित पुढे,
आणि न दिसणारी जमीन
आधी टाचांना कळली.

हिराजींनी थाप मारली
ती मुनीमच्या मानेवर.
मला म्हणाले, "चर परत."