नऊची बोट

कार्शियाकाच्या धक्क्यावर तुनाचा वाढदिवस.
तिळाच्या सिमिटात मेणबत्ती खोचली,
वारा ती टिकू देईना.
घरी सांगितलं होतं: क्लास, इंटिग्रेशन, नऊची बोट.
त्यातली बोट तेवढी खरी.

आई जागी. टेबलावर संत्र्याच्या फोडी
पार सुकलेल्या,
म्हणजे सातलाच सोलून ठेवलेल्या.
बाबा पडद्याशी,
रस्ता बघत नसल्यासारखे.

"झालं इंटिग्रेशन?"
"हो."

तिनं माझ्या केसांतून
एक चमकी अलगद काढली,
बोटावर घेऊन दिव्याखाली पाहिली,
आणि सालींत ठेवून दिली.
"खा. उद्या पेपर आहे."

पहाटे चारपर्यंत
मी खरंच गणितं सोडवली.
एकही चुकलं नाही.
आता हे सांगू कुणाला?