सहाव्यांदा

मुश्ताक पावसकर विचारतो, ओल्या बोटानं इस्त्री चाचपत,
"टॉकीजमध्ये पाहिलास, ते एक समजू शकतो.
पण खोलीवर? परत? आहे काय त्यात एवढं?"

पहिल्यांदा दम्मामला. जुबैलहून कंपनीच्या बसनं आम्ही आठ जण.
खुर्ची हलत होती, दाढा हलत होत्या.
एवढं लोखंड इतक्या जवळून मी ड्युटीवरही पाहत नाही,
आणि तिथं निदान डोक्यावर हेल्मेट असतं.
गोष्ट कळली नाही. कळायला हवी असं कुणी म्हणतही नव्हतं.

दुसऱ्यांदा इथं, बत्तीस इंचांवर, आवाज चार,
कारण रझाक रात्रपाळी करून झोपलेला.
आवाज काढला की यंत्रमानवाचं निम्मं वजन जातं,
उरतात पत्र्याचे डबे, भांड्याला भांडं लागावं तसे.
तेव्हा दिसलं, निळ्याच्या उजव्या गुडघ्यातून तेल गळतंय
आणि गडी त्याच पायावर उडी मारतो, नवव्या मजल्यावरून.
अठरा वर्षं हायड्रॉलिक्समध्ये गेली माझी.
असला सिलिंडर मी वापरात सोडला असता
तर परमिट रद्द, आणि गणपतीची सुट्टीही.

तिसऱ्यांदा फक्त मागचं पाहिलं.
पूल कोसळतो तिथं, डावीकडे, वर,
टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये माणूस आहे एक.
नारिंगी जाकीट. नखाएवढा.
निळा ती क्रेन उपटतो, तिचीच गदा करतो.
मी मागे नेलं. थांबवलं. अजून मागे.
उपटताना केबिन रिकामी.
कधी उतरला तो? कुठल्या शिडीनं? साठ मीटर, चार सेकंदांत?
"काढायला विसरले असतील कॉम्प्युटरवर," तू म्हणालास.
विसरले असतील.
मी त्या रात्री शिडीच्या पायऱ्या मोजत झोपलो.

चौथी आणि पाचवी वेळ विहंगची.
शुक्रवारी, आमचे साडेसहा, देवरुखात नऊ.
एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम बटण दाबायचं,
फोन तिकडे चिवड्याच्या डब्याला टेकवलेला.
आमच्या नेटला सुरू व्हायलाच आठ सेकंद लागतात.
"बाबा, पूल! पूल गेला!"
आणि माझ्या पडद्यावर पूल धडधाकट,
बस चाललीय, एक बाई छत्री उघडतेय.
सगळं मला असंच कळतं.
त्याचा दात पडला ते, सासरे गेले ते,
तिकडे होऊन गेलेलं, इकडे अजून छत्री उघडायचीय.

सहावी वेळ परवाची.
पूल यायच्या आत तो म्हणाला, "सू करून येतो,"
आणि आला नाही.
दहा वर्षांचं पोर. कंटाळा आलाय म्हणून बापाला कसं सांगणार?

मी इथला आवाज बंद केला.
तिकडच्या टीव्हीत शहर पडत होतं,
आणि त्या धडाडधूमच्या मागे, कान लावला तर,
पंख्याचं पातं घासत होतं. तेल घालायचं राहिलंय ते माझ्याकडून, मेमध्ये.
प्रमिला कुणाला तरी सांगत होती,
"मीठ घातलंय गं पिठात, परत नको घालूस."
शिट्टी.
कुत्रं, बहुतेक मुळ्यांचं.
निळा मेला. दुसरी शिट्टी. निळा उठला.
मला वाटलं, हा सीन जरा लांबवायला हवा होता.

मुश्ताक इस्त्री उभी करतो, शर्ट खुंटीला लावतो.
"बरं, शेवट काय होतो?"

शेवट राहिला रे.
"अगं बाई, चालूच आहे की हे," कुणीतरी तिकडे म्हणालं,
पिठाचा हात पडद्याजवळ आला, पांढरं पांढरं झालं,
आणि बंद.
येत्या शुक्रवारी बघू.
गुडघ्याचं तू बघ हवं तर, उजव्या.