परतीची तारीख

परदेशी नागरिक नोंदणी, खोली नंबर चार.
खिडकीतून कसबा बावड्याचा रस्ता दिसतो
आणि उसाच्या गाड्या.

दर तिसऱ्या महिन्याच्या पाच तारखेला ती यायची,
मिशनच्या दवाखान्यात चादरी शिवणारी.
चपला दाराबाहेर काढायची.
अहो, हे देऊळ नाही, मी म्हणायचो.
पुढच्या खेपेला पुन्हा काढायची.

अर्जात अठरा रकाने.
कुठून आलात : समुद्र.
मी ते खोडून मुंबई बंदर लिहिलं.
निर्वासित असा रकानाच नाही.
साहेबांना विचारलं तर म्हणाले,
"पाटोळे, कायद्यात दोनच जाती, आपला आणि परका.
तुम्ही तिसरी काढू नका."

नाव : दोआन थी लुआ.
एका सुरात म्हटलं तर भात,
दुसऱ्या सुरात रेशीम.
आमच्या टंकयंत्राला सूर नाहीत.

सतरावा रकाना सक्तीचा :
परत जाण्याची तारीख.
तिथं बोट ठेवून ती थांबायची.
मग मीच लिहायचो, शिसपेन्सिलीनं.
तीन महिन्यांनी खोडायचो, पुढची लिहायचो.
खोडून खोडून तेवढ्या जागी कागद
कांद्याच्या सालीएवढा झाला.

माझे वडील वळिवड्याच्या कॅम्पात पाव पोचवायचे,
पोलंडच्या बायका मोजून घ्यायच्या.
त्या गेल्या, त्याच बराकींत सिंधी आले.
त्यांनी तर परतीची तारीख कुणाला विचारायची?
आता तिथं गांधीनगर, कापडाचे ढीग.
लोकूमल तोलाणी तिला तुकडे अर्ध्या भावात द्यायचा,
वर एक वार जास्तच कापायचा.
"कात्री घसरली" म्हणायचा.

सातव्या पाच तारखेला ती दोन दिवस आधीच आली.
कॅनडानं घेतलं होतं.
तिथं तिचं कुणी नव्हतं, बर्फ होता म्हणे.
फाइल बंद करायची तर सतरावा रकाना भरायला हवा.
मी शाई घेतली.
परत जाण्याची तारीख : एकोणीस फेब्रुवारी.
परत नव्हतीच जात ती.
निब त्या पातळ जागेतून आरपार गेलं,
खालच्या कोऱ्या अर्जावर निळा ठिपका उमटला.

दारात चपला घालताना
तिनं स्वतःचं नाव एकदा नीट म्हणून दाखवलं,
मला म्हणायला लावलं. दोनदा हसली.
भात की रेशीम, विचारायचं राहिलं.

रात्री ताटावर बसून बायकोला दोन्ही म्हणून दाखवले.
ती म्हणाली, एकच तर आहे.
आणि वाढलं, आजऱ्याचा घनसाळ, वाफेसकट.